पहिल्या बेसपर्यंतचा हिवाळा

नोव्हेंबरातल्या एखाद्या सकाळी मी एसी बंद करते आणि घर एकदम ऐकू यायला लागतं. नळाचं ठिबकणं, फ्रिजची गुणगुण, शेजारच्या मल्याळी काकूंच्या कुकरची शिट्टी. उन्हाळाभर तो डबा डोक्यावर घरघरत असतो, त्याच्याखालीच आपण जेवतो, बोलतो, भांडतो, आणि तो थांबला की बरेच दिवस राहिलेला पाहुणा उठून गेल्यासारखं वाटतं. मग खिडकी सताड उघडायची. दुबईच्या डिस्कव्हरी गार्डन्समधलं आमचं घर तिसऱ्या मजल्यावर. खाली झाडं, झाडांखाली गाड्या, आणि गाड्यांच्या टपांवर दव. वाळवंटात दव पडतं हे वसईतल्या माझ्या आईला अजून पटलेलं नाही. "उगाच काहीतरी सांगू नको," म्हणते.

यंदा खिडकी उघडली तेव्हा खालून दुसराच आवाज आला. थप्प. थोडी शांतता. परत थप्प. चामड्याच्या ग्लोव्हमध्ये चेंडू बसल्याचा आवाज. आमची अलिशा आणि तिचे पप्पा, म्हणजे माझा नवरा विल्सन, पार्किंगच्या मागच्या मोकळ्या पट्टीत फेकाफेकी करत होते. सकाळी सात वाजता! लोक झोपलेत, वॉचमन येईल, कोणाची तरी काच फुटेल, हे सगळं ओरडायला मी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. चहा निवून गेला तरी मी खिडकीतच होते. गेल्या वर्षीचा हिवाळा सगळाच्या सगळा आठवला. सुखाचे पुष्कळ दिवस बघितलेत मी, देवाच्या कृपेने, पण ज्याला जिंकणं म्हणतात ते मला त्या हिवाळ्यात कळलं. तेही बेसबॉलमुळे. ज्या खेळाला मी इतकी नाकं मुरडली होती, त्याच खेळामुळे.

नाकं मुरडायला कारण होतं. आम्ही क्रिकेटवाली माणसं. हिवाळा आला की हे शहर घराबाहेर पडतं. इमारतींच्या मधल्या प्रत्येक रिकाम्या प्लॉटवर कुठला ना कुठला देश उतरतो. फिलिपिनो पोरं व्हॉलीबॉलचं जाळं बांधतात, केरळचे लोक बॅडमिंटनचं, पठाण मंडळी कुठेही उभी राहून क्रिकेट सुरू करतात. आमचा माळ शारजात. विल्सन तिथल्या औद्योगिक क्षेत्रात गाड्यांच्या स्पेअर पार्टच्या गोदामात काम करतो. सुट्टीच्या दिवशी गॅरेजांची शटरं खाली असतात आणि गोदामांच्या मागच्या ओबडधोबड जागेत टेनिस बॉलच्या मॅच चालतात. एका बाजूला आम्ही वसईचे ख्रिस्ती, दुसऱ्या बाजूला रत्नागिरी-रायगडची मुसलमान मंडळी. त्यांचे कॅप्टन खलीलभाई, मूळचे दापोलीकडचे. दुबईच्या करामा भागात त्यांचं किराणा दुकान आहे. पोट चांगलंच सुटलंय, पण स्लिपमध्ये उभे राहिले की कॅच सुटत नाही.

अलिशा लहानपणापासून बापाचं बोट धरून त्या माळावर जायची. विल्सनने तिला दोन गोष्टी अगदी घोटून घोटून शिकवल्या होत्या. एक, पळताना बॅट हातातून सोडायची नाही, क्रीज जवळ आली की झुकून बॅट जमिनीला टेकवायची. दुसरी, आलेला चेंडू सोडायचा नाही. पाच-सहा ओव्हरच्या मॅचमध्ये सोडलेला चेंडू म्हणजे फुकट घालवलेला चेंडू. "मार, मार, बघत काय बसलीस!" असं तो नॉन-स्ट्रायकरच्या टोकावरून ओरडायचा. पोरगी मारायची सुद्धा. भरपूर धूळ खाऊन, गुडघे फोडून, कपडे मातीत लोळवून घरी यायची आणि मी दोघांनाही दारातच उभं करून झाडायची.

मग गेल्या वर्षी शाळेतल्या हाना नावाच्या जपानी मैत्रिणीने तिला मुलामुलींच्या बेसबॉल लीगमध्ये ओढलं. टीममध्ये मुली कमी, हानाला सोबत हवी होती. मी म्हटलं, "क्रिकेट आहे ना चांगलं? हे आणखी कुठलं दांडकं?"

"इट्स नॉट अ दांडकं, मम्मा," अलिशा म्हणाली. आमच्या पोरांचं इंग्रजी असंच.

खेळ मला विल्सनने टेबलावर चमचे मांडून समजावला. मातीचा चौकोन, चार कोपऱ्यांवर चार बेस. बॅटरने चेंडू टोलवायचा, बॅट तिथेच टाकायची आणि पहिल्या बेसकडे धावायचं. तिथून जमेल तसं दुसऱ्याकडे, तिसऱ्याकडे, आणि शेवटी जिथून निघालो त्याच कोपऱ्यावर परत. त्या कोपऱ्याला ते लोक होम म्हणतात, घर. घरी पोचलात तर एक रन. हुकलात तर स्ट्राइक, चांगला चेंडू सोडलात तरी स्ट्राइक, आणि तीन स्ट्राइक झाले की आउट. समोरच्याने चार वाईट चेंडू टाकले आणि ते तुम्ही सोडून दिलेत, तर पहिला बेस चालत जाऊन घ्या, फुकट. "एवढंच?" मी म्हटलं. "हे तर आमच्या लहानपणीचं काहीतरी वाटतंय." विल्सनने चमचे गोळा केले आणि म्हणाला, "तू तिथे जाऊन असलं काही बोलू नकोस."

पहिल्या मॅचचा दिवस मला आठवतो तो उन्हामुळे. डिसेंबरातलं दुबईचं ऊन म्हणजे देवाने स्वतः निवडून पाठवलेलं. लाल माती नुकती पाणी मारून बसवलेली, तिचा ओला वास, पालकांच्या घडीच्या खुर्च्या, थर्मासातला करक चहा. अलिशाचं हेल्मेट तिच्या डोक्याला जरा मोठंच होतं. ती आली, उभी राहिली आणि पहिलाच चेंडू असा टोलवला की दोन पोरांच्या मधून सरपटत लांब गेला. मी खुर्चीवरून उठलेच. ती धावली. बॅट हातात घेऊन धावली! पहिला बेस जवळ आला तशी ती झुकली, हात लांबवला, बॅटचं टोक बेसला टेकवलं आणि तिथेच थांबली, एक पाऊल मागे. क्रीजमध्ये पोचल्यासारखी. तिकडून चेंडू आला, बेसवरच्या पोराने तो शांतपणे घेतला आणि बेसवर पाय ठेवला. आउट. बेसला बॅट लावून चालत नाही, अंग लागावं लागतं, हे आमच्या घरातल्या कोणालाच सुचलं नव्हतं.

हसले सगळे. पोरं तर हसलीच, दोन-तीन पालकही हसले. पुढचे काही दिवस टीममधली मुलं कुठेही धावत जाऊन पाण्याच्या बाटल्यांना बॅट टेकवायची आणि "नॉट आउट!" म्हणून ओरडायची. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड. एका पोराच्या आईला मी सांगणार होते चार शब्द, विल्सनने दंड धरून गाडीत बसवलं.

घरी येताना अलिशा मागच्या सीटवर हेल्मेट मांडीत घेऊन बसली होती. हेल्मेटचा पट्टा लावत-काढत होती. मग म्हणाली, "आय जस्ट वॉन्ट टू गेट ऑन बेस, मम्मा. जस्ट वन्स." एकदा तरी पहिल्या बेसवर उभं राहायचंय. पूर्ण सीझनमध्ये एकदाही जमलं नाही, तर खेळ बंद. बेसबॉलही नाही, शारजाचं क्रिकेटही नाही. काहीच नाही. विल्सन गाडी चालवत होता, त्याने आरशातून तिच्याकडे बघितलं. तिने ज्या आवाजात ते सांगितलं तो हट्टाचा नव्हता. आपल्या पोरीच्या तोंडून 'बंद' हा शब्द इतक्या थंडपणे निघालेला मी कधी ऐकला नव्हता.

तेव्हापासून आमच्या घरात त्या हिवाळ्याला एकच काम उरलं. पहिला बेस.

हे काम किती अवघड आहे ते मला कोच डेव्हने सांगितलं. कोच अमेरिकन, साठीकडे झुकलेला, मान भाजून कायमची लाल झालेली. इथे कुठल्यातरी पाण्याच्या प्रकल्पावर इंजिनियर होता आणि संध्याकाळी पोरांना शिकवायचा. सूर्यफुलाच्या बिया चघळायचा आणि साली जमिनीवर थुंकायचा. मी हॉटेलात हाउसकीपिंगची सुपरवायझर. जमिनीवर पडलेली टाचणीसुद्धा मला दिसते. दुसऱ्याच दिवशी मी त्याला कागदी कप नेऊन दिला. "कोच, प्लीज. इन धिस." तो बघतच राहिला. मग हसला आणि त्या दिवसापासून कपातच थुंकू लागला. आमची मैत्री ती तिथून.

तो म्हणायचा, मॅडम, या खेळातला भला मोठा बॅटरसुद्धा दहातल्या सात वेळा नुसता परत येतो. उरलेल्या तीन वेळांवर त्याचा पुतळा उभारतात. मला हे पटेना. आमच्याकडे सात वेळा शून्यावर आलेल्याच्या घरावर लोक दगड मारतील. पण मग मी संध्याकाळी ड्यूटी संपवून तिथे बसू लागले आणि त्याचं ऐकू लागले. मैदानावर मोठे दिवे लागायचे, गवतातून गारवा यायचा, पोरं आळीपाळीने बॅटिंग करायची आणि कोच कुंपणाला टेकून त्याच्या देशाच्या गोष्टी सांगायचा.

त्याचे वडील फार कमी बोलायचे म्हणे. कारखान्यातून यायचे, जेवायचे, आणि उजेड असेपर्यंत अंगणात मुलाबरोबर चेंडू फेकत उभे राहायचे. अख्ख्या बालपणात बापलेकांचं जे काही बोलणं झालं ते त्या चेंडूतून. अमेरिकेत अर्ध्या घरांत हेच आहे, तो म्हणाला. मॅचच्या सातव्या डावात सगळं स्टेडियम पाय मोकळे करायला उभं राहतं आणि एकत्र गाणं म्हणतं, म्हातारे, पोरं, एकमेकांचे शत्रू, सगळे. शेंगदाण्यांची टरफलं पायाखाली. ते ऐकून मला कपाचं थोडं वाईट वाटलं, पण कप मी परत घेतला नाही.

आणि त्याने लपवलं काही नाही, हे मला आवडलं. त्यांच्या इथे काळ्या खेळाडूंना कितीतरी वर्षं मोठ्या टीममध्ये घेतच नव्हते. त्यांच्या लीग वेगळ्या, मैदानं उसनी. गावोगाव बसने फिरायचे आणि बसमध्येच झोपायचे, कारण हॉटेलवाले खोली द्यायचे नाहीत. मी म्हटलं, "खोली रिकामी असून?" तो म्हणाला, असून. मी रोज खोल्या लावते, पलंग कोणाचा रंग विचारत नाही. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. मग एकाला घेतलं. त्याला आधीच बजावलेलं होतं की लोक काहीही बोलोत, उलटून उत्तर द्यायचं नाही. स्टेडियमभर शिव्या, अंगावर मुद्दाम टाकलेले चेंडू, आणि हा माणूस गप्प राहून खेळला आणि जिंकला. "मी असते तर बॅट घातली असती एकेकाच्या डोक्यात," मी म्हटलं. कोच म्हणाला, "ते मला दिसतंय, मॅडम."

महायुद्धात पुरुष लढाईवर गेले तेव्हा बायकांच्या टीम काढल्या. स्कर्ट घालून खेळायला लावलं, घसरून बेस गाठताना मांड्या सोलून निघायच्या, वर लिपस्टिक लावा म्हणून ताकीद. पुरुष परत आल्यावर काही वर्षांत तेही गुंडाळलं. मुलींनी मोठ्या मऊ चेंडूने खेळावं असं ठरलं. अलिशा जवळच उभी राहून ऐकत होती. "दॅट्स सो अनफेअर," म्हणाली आणि बॅट खांद्यावर टाकून तरातरा आत गेली.

भानगडी तर विचारू नका. पैसे खाऊन मुद्दाम हरलेली टीम. औषधं टोचून दंड फुगवलेले आणि चेंडू स्टेडियमबाहेर भिरकावणारे वीर. समोरच्या टीमच्या खुणा कॅमेऱ्याने चोरून, कचऱ्याचा डबा बडवून आपल्या बॅटरला कळवणारे. त्यांच्यातल्या थोरांसाठी एक मोठं सन्मानाचं दालन आहे. औषधवाल्यांना तिथे घ्यायचं की नाही यावर लोक दरवर्षी हमरीतुमरीवर येतात. मला ते आमच्यासारखंच वाटलं. आमच्यातही कोणाला संत म्हणायचं यावर रोममध्ये वर्षानुवर्षं खल चालतो, आणि तिथेही भक्तांचा उमेदवार आधीच ठरलेला असतो. खलीलभाईंना मी हे सगळं करामातल्या दुकानात तांदूळ घेताना सांगितलं. ते म्हणाले, "वहिनी, आपण क्रिकेटवाल्यांनी तर या बाबतीत तोंडच उघडू नये. खलास."

तिकडे आमच्या पोरीचा बेस काही येईना. बॅट टाकून पळायचं तिला आलं. बाप घराच्या लांबलचक पॅसेजमध्ये तिच्याकडून करून घ्यायचा, खालच्या मजल्यावरचे लोक वर येईपर्यंत. पण दुसरी सवय जाईना. वाईट चेंडू सोडवतच नव्हता तिला. डोक्यावरून गेला तरी बॅट फिरवणार, पायाशी आपटला तरी फिरवणार. "लेट इट गो, हनी," कोच कुंपणातून सांगायचा. इकडून विल्सनच्या तोंडून अजूनही "मार!" निघायचं, मग तो स्वतःच तोंडावर हात ठेवायचा. टीममधल्या बाकी सगळ्यांना कधी ना कधी फुकटचा बेस मिळाला. एका मुलाने तर बॅट न फिरवताच अर्धा सीझन काढला. अलिशा मात्र प्रत्येक वेळी झुंजून, घाम गाळून, आउट होऊन परत यायची. जानेवारीपर्यंत कोचने तिला बॅटिंगच्या क्रमात शेवटी टाकलं. रात्री तिच्या खोलीतून मला नुसती बॅट फिरवल्याचा आवाज यायचा, सूं, सूं.

त्या दिवसांत घरात बापलेकीचं बोलणंही कमी झालं. तो मराठीत विचारायचा, ती इंग्रजीत तुटक उत्तर द्यायची. पण पार्किंगमागच्या पट्टीत चेंडू मात्र रोज जायचा-यायचा. मी वरून बघायची. एकदा चेंडू गाडीखाली गेला, तेव्हा विल्सन जमिनीवर आडवा पडून हात घालत होता आणि ती त्याच्या पाठीवर हात ठेवून वाकली होती. एवढा एकच क्षण, पण मला त्या दिवशी फार बरं वाटलं.

फेब्रुवारी संपत आला आणि वाऱ्याचा पोत बदलला. दुपारी गाडीचं स्टिअरिंग पुन्हा हाताला चटका देऊ लागलं. हिवाळा निघाला की इथे कळतं लगेच. लोक अधिक मोठ्याने हसतात, अधिक वेळ बाहेर बसतात, जणू दुकान बंद व्हायच्या आत सगळं घेऊन टाकायचंय. शेवटची मॅच मार्चात आली, शनिवारी दुपारनंतर. त्या वर्षी रमझान आणि आमचा लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा उपवासकाळ, बरोबरच सुरू झाले होते. मी लेंटसाठी चहा सोडलेला, म्हणजे स्वभाव आणखी कडक. खलीलभाई रोजा ठेवून खास मॅच बघायला आले. "पोरीचा शेवटचा चान्स आहे, घरी बसून काय करू?" कोचने त्यांच्याकडे बघून बियांची पिशवी खिशात टाकली ती मॅच संपेपर्यंत बाहेर काढली नाही.

खलीलभाईंना खेळ अजिबात माहीत नव्हता. मी त्यांना बेस समजावले, होम समजावलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "वहिनी, ही तर आपलीच गोष्ट झाली. दापोलीहून निघालो, मुंबई पहिला बेस, मस्कत दुसरा, दुबई तिसरा. तिसऱ्यावर येऊन वीस वर्षं उभा आहे. मागून कोणीतरी फटका मारेल तर घरी जाईन ना!" विल्सन एवढा हसला की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मीही हसले, पण लगेच मैदानाकडे बघितलं. माझं सगळं लक्ष अलिशाच्या दुबळ्या खांद्यांवर होतं.

अलिशा त्या मॅचमध्ये आधी दोनदा आउट झाली होती. दोन्ही वेळा चेंडूला बॅट लागली, पण जोर नव्हता. शेवटचा डाव आला, स्कोअर सारखा. आमची बॅटिंग. दोन गडी बाद, हाना तिसऱ्या बेसवर उभी, आणि बॅटिंगला कोण? क्रमातली शेवटची. माझी मुलगी. एका बाईने मागे पुटपुटून म्हटलं, "ओह नो." मी मागे वळून बघितलं. ती लगेच पर्समध्ये काहीतरी शोधायला लागली.

पहिला चेंडू, अलिशाने बॅट फिरवली, हुकली. दुसरा सोडला, तोच नेमका चांगला निघाला. दोन स्ट्राइक. मी कुंपणाची जाळी दोन्ही हातांनी धरली होती, होमच्या बरोबर मागे. विल्सनला बघवेना, तो गाड्यांकडे तोंड करून उभा राहिला. खलीलभाईंच्या कोरड्या ओठांवर काहीतरी चाललं होतं. मी मारिया मातेला सांगितलं, मला दुसरं काही नको, हिला त्या पांढऱ्या चौकोनावर एकदा उभी कर.

तिसरा चेंडू खराब होता. अगदी वाईट, होमच्या पुढेच जमिनीवर आपटला. सोडायला हवा होता. माझ्या पोरीने सगळं अंग पिळून त्याच्यावर बॅट फिरवली आणि बॅट हवेतून गेली. अंपायरने मूठ आवळली. तीन स्ट्राइक. समोरची पोरं उड्या मारू लागली. आमच्या बाजूच्या कोणीतरी खुर्ची मिटल्याचा आवाज आला. अलिशाची मान खाली गेली आणि तिने परत यायला एक पाऊल उचललं.

पण मी पोरांकडे बघतच नव्हते. माझी नजर चेंडूवर होती. चेंडू मागच्या मुलाच्या ग्लोव्हखालून निसटला होता आणि माझ्या पायांकडे, जाळीकडे घरंगळत येत होता. आता, मला त्यांचा नियम माहीत नव्हता. छातीठोकपणे सांगते, अजिबात माहीत नव्हता. मला एवढंच दिसलं की कीपरच्या हातून चेंडू सुटलाय. वसईला आमच्या वाडीत मी पाच भावांची एकुलती बहीण. बॅटिंग मला कोण देणार, मला कायम कीपरच्या मागे उभं करायचे, आणि चेंडू मागे गेला की सगळी वाडी एकच ओरडायची. तेच माझ्या तोंडून निघालं.

"पळ! अलिशा, कीपरने सोडला, पळ! पळ गं!"

मराठीतून. जाळी हलवत. घसा फाटेपर्यंत. शारजाच्या माळावर हजारदा ऐकलेली हाक ती. तिने विचारच केला नाही. बॅट उडाली एकीकडे, हेल्मेट मागे कलंडलं, आणि पोरगी सुटली. कोच क्षणभर माझ्याकडे बघतच राहिला, मग त्याने कपाळावर हात मारला आणि माझ्याहून मोठ्याने ओरडला, "रन! रन! शी इज राइट!" हानानेही तिसऱ्या बेसवरून धाव घेतली. तोवर मागच्या मुलाला आपल्या हातून काय सुटलंय ते कळलं. तो जाळीपाशी आला, माझ्या बुटांसमोरून चेंडू उचलला, वळला आणि जिवाच्या आकांताने पहिल्या बेसकडे फेकला. बेसवरच्या पोराने उडी मारली. चेंडू त्याच्या ग्लोव्हमध्ये बसला, पण पोरगा अजून हवेत होता, आणि अलिशाचा पाय बेसवर होता. अंपायरने दोन्ही हात आडवे पसरले.

सेफ.

"या अल्लाह!" खलीलभाई ओरडले आणि त्यांनी कोचला मिठी मारली, ज्याला ते तासाभरापूर्वी पहिल्यांदा भेटले होते. विल्सन गाड्यांकडून धावत आला, "काय झालं? काय झालं?" विचारत. त्याने काहीच बघितलं नव्हतं, बिचाऱ्याने. कोचने मला मग घाईघाईत सांगितलं, हा फार जुना नियम आहे, खेळाच्या अगदी सुरुवातीपासूनचा; तिसऱ्या स्ट्राइकचा चेंडू मागच्याच्या हातात नीट बसला नाही, तर हुकलेला बॅटरही पळू शकतो. आमच्या पोरांना शिकवलेला होता, पण ऐनवेळी त्या मैदानावर कोणालाही आठवला नाही, त्यालासुद्धा नाही. स्कोअर लिहिणारे एक पालक चष्मा सावरत आले आणि म्हणाले, तांत्रिकदृष्ट्या हा स्ट्राइकआउटच लिहावा लागेल हं. "लिहा हो," मी म्हटलं. "चांगल्या मोठ्या अक्षरात लिहा. ती बघा, कुठे उभी आहे."

हानाच्या त्या एका रनने आम्ही जिंकलो होतो, आणि सगळी टीम आधी घरी पोचलेल्या हानावर जाऊन पडली होती. मग हानाच त्यांच्या ढिगातून बाहेर आली, हात करून दाखवलं, आणि ती सगळी पोरं, बाटल्यांना बॅट टेकवणारी सुद्धा, आरडाओरडा करत पहिल्या बेसकडे धावली. मी केव्हा फाटक ढकलून आत गेले मला माहीत नाही. पालकांनी मैदानात यायचं नसतं. बुटांना लाल माती लागली, कोणीतरी "मॅडम, मॅडम" म्हणत होतं.

अलिशा तिथे उभी होती, दोन्ही पाय त्या पांढऱ्या चौकोनावर घट्ट रोवून. धापा टाकत होती. पोरं तिला ओढत होती, उचलू बघत होती, आणि ती जागची हलत नव्हती. बेस सोडला तर आउट होतो हे आता तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं, आणि मॅच संपली हे तिला अजून कोणी सांगितलंच नव्हतं. मी दिसताच तिने माझ्याकडे बघितलं. चेहरा मातीने माखलेला, आणि त्यात ते दात.

"मम्मा, कॅन आय गेट ऑफ नाऊ?"

"थांब," मी म्हटलं. "उभी राहा जरा. मला बघू दे."